रस्त्याच्या या बाजूला

“कुठे मारलं?” पोलीसबाई डिट्झने विचारलं.

ओदिलियाने सुजलेल्या गालावर बोट ठेवलं.

“तसं नव्हे गं. जागा कुठली? रस्त्याच्या या बाजूला की त्या?”

मधला रस्ता म्हणजे अमेरिकेतल्या दोन शहरांची हद्द. पलीकडे ब्रायरटन, तिथे ओदिलियाचं घर. तिथले पोलीस तक्रार ऐकण्याआधी देशात राहण्याचे कागद मागतात आणि कागद नसले की इमिग्रेशनवाल्यांना बोलावतात. अलीकडे लॉमन. इथले पोलीस कागदांचं नावही काढत नाहीत. म्हणून तर ती अनवाणी पळत इकडे, मावराच्या खाण्याच्या टपरीपाशी आली होती.

“तिकडे,” ती म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही.

“मग तक्रार तिकडेच करावी लागेल. लावून देऊ त्यांना फोन?”

“नको, नको!” मावरा तव्यामागून ओरडली. “नोएमीने केली होती तिकडे चोरीची तक्रार. चोर अजून इथेच हिंडतोय, नोएमीला मात्र होंडुरासला परत धाडलं!”

डिट्झने मान खाली घातली. मनाने वाईट नव्हती बिचारी. “तुझ्या नवऱ्याने इकडे हात उचलला असता ना, तर आत्ता बेड्या घातल्या असत्या,” एवढं म्हणाली आणि गाडी घेऊन कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाशी जाऊन थांबली.

पलीकडे टायरच्या दुकानासमोर तिचा नवरा वेन्सेस मित्रांबरोबर बिअर पीत उभा होता. तो जन्माने याच देशातला, कागद पक्के. पोलिसांना नसेल इतकी ही हद्द त्याला पाठ होती. या बाजूला आला की मेला बायकोसाठी गाडीचं दार उघडायचा. ओदिलियाला देशाबाहेर काढलं तर पोरगी याच्याच हाती राहणार होती.

“झालं का रडून?” तो तिकडून ओरडला. “चल घरी. पोरगी उठलीय.”

ओदिलियाने गालावरचा हात काढला.

“तूच ये ना न्यायला!” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. “की इकडे यायला टरकते तुझी? घरात वाघ आणि इथे शेळी!”

मित्र खो खो हसले. वेन्सेसचा चेहरा लाल झाला.

“अगं गप! जीव घेईल तुझा,” मावरा म्हणाली.

“फोन हातात धर,” ओदिलिया हळूच म्हणाली. “पण त्याचा हात लागेपर्यंत पोलिसांना लावू नकोस.”

वेन्सेसने कॅन फेकला आणि तरातरा रस्ता ओलांडू लागला. तो मधली पिवळी रेघ ओलांडून पुढे आला तशी ओदिलिया मागे सरली. आणखी मागे. टपरीला पाठ टेकेपर्यंत, नंतर कुणाला हद्दीवरून वाद घालता येऊ नये इतकी आत. मग तिने सुजलेला गाल त्याच्याकडे केला आणि वाट पाहू लागली.