सुकदेवमामांचं मैदान

दहाव्याला सुकदेवमामांच्या पिंडाला कावळा काही केल्या शिवेना.

"मुलीचं लग्न लावून देऊ," गुरुजींनी सवयीने कबूल केलं. मुलीला दोन मुलं होती. कावळा ढिम्म.

"मामींना सांभाळू," मी म्हणालो. कावळ्याने मला नीट न्याहाळलं आणि मान फिरवली.

मामांनी जिल्ह्यातलं पहिलं बेसबॉलचं मैदान उभं केलं होतं. ते पाडून तिथे शॉपिंग सेंटर झालं, तेव्हापासून त्यांना दुसरा विषयच नव्हता. शेवटी मैदान पाडायला लावणारे नगरसेवकच पिंडासमोर हात जोडून पुढे झाले. "मामा, मैदान पुन्हा बांधून देतो. पुढच्याच बजेटमध्ये."

कावळा झेपावला आणि भातावर तुटून पडला. सगळ्यांनी हुश्श केलं.

इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी बसलेल्या मामी मात्र हमसून रडायला लागल्या. "साहेब, मेल्यावरसुद्धा यांना तुमचं खरं वाटतं हो!"