कॅनॉनिकल कालवण

सानपाड्याचा दिपेश लोकांच्या वेबसाइट गूगलमध्ये वर आणायचं काम करतो. जेवायला आलेल्या मित्राला तो समजावत होता, "एकाच मजकुराची दोन पानं असली, की कॉपीवर कॅनॉनिकल टॅग लावायचा. मूळ पान कुठलं ते तो सांगतो. मग दुसऱ्या साइटवरून कॉपीला मिळालेल्या लिंकचं श्रेयही मूळ पानालाच जातं."

मित्राचं सगळं लक्ष ताटात. "उन्नतीवहिनी, या निवट्या माशांचं कालवण एक नंबर झालंय."

"आईची रेसिपी आहे," दिपेश सवयीनं म्हणाला. त्याची बायकोही सवयीनं गप्प राहिली.

भाकरी वाढणारी आई मात्र थांबली.



"आरं, हे कालवन मीच हिच्याकडून शिकले. माज्या हातचं तर तू ताटात तसंच टाकून उठायचास."