साहेबांनी बघितलेली खिडकी

आज कोर्टात निकाल, आणि जज्जसाहेबांच्या खुर्चीत भलत्याच बाई. टेलरमास्तर दारातच थबकले. खोली चुकली की काय म्हणून बाहेर जाऊन पाटी वाचून आले. खोली तीच होती.

"साहेब रजेवर?" त्यांनी कारकुनाला हळूच विचारलं.

"बदली. शुक्रवारी हायकोर्टाची ऑर्डर आली, एकदम बारा जणांना हलवलं. मॅडम धरून वर्षात तिसरे. आणि वरून आम्हालाच झापतात, तुमच्याकडे निकाल का लागत नाहीत म्हणून!"

मास्तरांच्या डोक्यात काही शिरेना. शेजाऱ्याने त्यांच्या दुकानाच्या खिडकीला चिकटून भिंत चढवली, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून भर दुपारी बल्बखाली शिवायचं. मागच्या महिन्यात साहेब स्वतः बघायला आले होते. बल्ब बंद करायला लावला, स्टुलावर बसले, "आणा सुई" म्हणाले. दोऱ्याचं टोक जिभेला लावून चार वेळा ओवायला गेले. जमलं नाही. उठताना म्हणाले, "कळलं, मास्तर. निकालातच लिहितो."

पुकारा झाला. मॅडमनी फाइल पुढून मागून चाळली. "जागा पाहिली, एवढंच आहे. काय दिसलं ते कुठेय?"

"मॅडम, त्यांना सुई ओवता आली नाही."

"ते फायलीत नाही ना. मला परत येऊन बघावं लागेल." कारकुनाने वही उघडून तारीख सांगितली. दहा महिन्यांनंतरची.

"तोवर तुम्ही इथेच असाल ना?"

मागे कोणीतरी खुसकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "पुढचं घ्या," म्हणाल्या.

मास्तरांनी कारकुनाला व्हरांड्यात गाठलं. "अहो, साहेबांना फोन करून विचारा की. बघितलंय त्यांनी!"

"तसं चालत नाही, मास्तर. ते आता तिकडचे."

"पण डोळे तर तेच ना?"

कारकुनाने वही बगलेत मारली.

मास्तरांनी कॉलरखाली टोचलेली सुई काढली. साहेबांना ओवता आली नव्हती ती, मुद्दाम तीच आणली होती. व्हरांड्याच्या मोठ्या खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. त्यांनी दोरा जिभेला लावला, सुई उन्हात धरली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा दोरा बोटावरूनच घसरला.

त्यांनी सुई डोळ्यांच्या आणखी जवळ नेली. मग कारकुनाकडे वळून म्हणाले, "इथे उजेड आहे ना?"