कोरी जागा
संशोधनाचा नाद सोडला, तर इस्त्रीवाल्याच्या लेकीचा फायदाच होता: काकाच्या दुकानात आयती नोकरी आणि घरच्यांचे टोमणे बंद. नाद सोडतेय हे सांगायला ती प्राध्यापिकेच्या खोलीत आली. “मॅडम, आकडेमोड आमच्यासारख्यांचं काम नाही.” “बरं. जाता जाता हा तक्ता बघ. उद्या माझा लेख छापायला जातोय.” तक्ता बघून तिला हसू फुटलं. “आमच्या गल्लीतल्या बायका दिवसाला शून्य तास राबतात?” “पाहणी तूच केलीस ना?” “मी जागा कोरी सोडली होती! त्यांना कामातून बोलायला फुरसत नव्हती. तुमच्या संगणकानं कोऱ्याचं शून्य केलं.” प्राध्यापिकेनं कपाळावर हात मारला, मग स्वतःची खुर्ची तिला दिली. “बस. आता तूच निस्तर.” ती बसली ती बसलीच. लेख लांबला, बढती हुकली. भुर्दंड सगळा प्राध्यापिकेला. तरी ती अशाच आणखी पोरी शोधत हिंडतेय.