पेडव्याचे काटे

ऐक ना. मधे बोलू नकोस, फक्त ऐक. परळच्या एका हॉस्पिटलात, भर दुपारी, शैलाकाकूला पाणी वाया जाताना ऐकू आलं.

आता ही लालबागच्या चाळीत जन्मभर पाणी भरलेली बाई. नळ उघडा राहिला तर हिला झोपेत कळतं. बाकावरचा डबा काखोटीला मारला आणि निघाली आवाजाच्या मागे. कॉरिडॉरच्या टोकाला नवाकोरा वॉर्ड. ताज्या रंगाचा वास, पेशंट एक नाही, आणि सगळे नळ धो धो! बेसिनचे, बाथरूमचे, शॉवरसुद्धा.

"खंयच्या मेल्यान सोडल्यान हे?" काकू पुटपुटली आणि एकेक नळ असा आवळला, असा आवळला, की पुढच्याला पाना लागावा. मग पदराला हात पुसून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. कुणीतरी शाबासकी द्यायला येईल म्हणून.

आली ती मेघना सिस्टर. हॉस्पिटलात जंतू पसरू नयेत हे बघायचं, तेच तिचं काम.

"नळ कुणी बंद केले?"

"मी. अगो, किती पाणी चालला होता!"

मेघनाने कपाळालाच हात लावला. "काकू, मी सोडले होते ते. काम चालू होतं ना, कित्येक महिने या पाइपात पाणी साचून होतं. त्यात जंतू होतात. तासभर सलग वाहू द्यायचं, मधे तोडायचं नाही. तेव्हा कुठे इथे पेशंट आणता येतो. आणि पहिला पेशंट कोण माहितीये? तुमचे नाना!"

काकूचं तोंड एवढंसं झालं. नाना म्हणजे तिचा नवरा. ब्लड कॅन्सर, औषधांनी अंगातली ताकद पार तळाला गेलेली. साधी सर्दी परवडणार नाही अशी गत. पलीकडच्या जुन्या वॉर्डात झोपला होता, आणि त्याच्या पलंगामागचीच भिंत आज फोडायची होती.

"मग सोड ना परत!"

"सोडतेच आहे. पण तास परत पहिल्यापासून. आणि भिंतीला ते आत्ता हात घालतील. प्लॅस्टिकचा पडदा लावलाय, तरी जुन्या भिंतीची धूळ ती. त्यात बुरशी असते. नानांच्या छातीत गेली तर…"

"मग आताच हलव त्यांना इथे."

"आणि हे पाणी? याचेच तुषार श्वासातून जाणार ना?"

मेघनाने सगळे नळ परत सोडले आणि फोन फिरवला. तिच्या वरच्या मोठ्या मॅडम मीटिंगमध्ये. मग ती धावत बाहेर जिन्यावर गेली, काकू मागोमाग. तिथे साइट इंजिनीअर गौतम दोन कामगारांबरोबर बसला होता. नायगावचा पोरगा, डोक्याला पिवळं हेल्मेट, हातात वडापाव.

"गौतम, एक तास थांब ना, प्लीज."

"सिस्टर, तुमच्याच ऑफिसने आजची वेळ दिलीय. वरून फोन आला तर थांबतो. माझ्या मनाने थांबवलं तर सर माझी वाट लावतील. जेवण झालं की भिंत घेणार."

मेघना परत मॅडमना फोन लावत नळांपाशी गेली. कुणी दुसरी काकू येऊ नये म्हणून दारातच उभी राहिली.

आणि शैलाकाकूने त्या सगळ्या बोलण्यातलं एवढंच धरलं. जेवण झालं की.

ती सरळ त्या तिघांसमोर पायरीवर बसली. डबा उघडला. पेडव्याचं तिखलं, त्या बारक्या काटेरी माशाचं झणझणीत कालवण, आणि भात! नानाला घरचं काही खायला बंदी, तरी रोज त्याच्या वाटचं रांधून आणायची आणि बाकावर बसून एकटीच खायची.

"वडापावान काय होता रे? घे, भात घे."

"काकू, थांबणार नाय हां आम्ही," गौतम म्हणाला. पण वास आला होता त्याला. वडापाव कागदात परत गेला.

"थांब कोण म्हणता? सावकाश जेव. बारीक काटे असतात."

गौतमने डब्याच्या झाकणात वाढून घेतलं आणि पहिला घास घेतला. मग मान वळवून दाराकडे बघितलं. आत नळ वाहतायत, मेघना फोन कानाला लावून उभी. मग काकूकडे बघितलं. काकू भात कालवत होती, वर बघतच नव्हती.

"काटे खूप आहेत, काकू."

"आसत ना रे, बाबा."

त्याने वडापावच्या कागदाच्या कडेला एकेक काटा मांडायला घेतला. केसाएवढे काटे! एका कामगाराचं आटपलं, तो हात झटकून उठायला लागला. गौतमने त्याला शर्टाला धरून खाली बसवलं. "बस रे. घाईत खाल्लं की घशात अडकतं."

खिशातला फोन वाजला. गौतमने डाव्या हाताने तो कसातरी काढून स्पीकर चालू केला. "हां सर. जेवतोय सर. नाय सर, हात खरकटा आहे. हो, झालं की लगेच."

काकू कान देऊन बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा बाईला वाटत होतं, वाहू दे मेलं, बंद नको होऊ.

भात संपला. दुसरा कामगार बोटं चाटून मोकळा झाला. डब्याचा तळ दिसला. नळ अजून वाहतच होते, तास भरल्याची खूण करायला मेघनाचा हात काही वर जात नव्हता. खिशात फोन परत वाजायला लागला.

गौतमने रिकामं झाकण उजेडाकडे तिरकं धरलं, डोळे बारीक केले.

"थांबा हां, काकू. अजून एक काटा दिसतोय."

आता तू सांग. खिशात सरांचा फोन वाजतोय, समोर भिंत, हातात चाटूनपुसून साफ झालेलं झाकण. तू काय केलं असतंस?