परवाना फक्त मासे साफ करण्याचा

“या नावाची बाईच अस्तित्वात नाही,” खिडकीमागचा अधिकारी म्हणाला आणि त्याने यान नाइंगचा अर्ज परत सरकवला.

बाई तर यानच्या शेजारीच उभी होती, फुलाफुलांचा सदरा घालून, कागदी पंख्याने वारा घेत. फॉमावशी. महाचाईत तिचा मासळीचे गोळे करायचा कारखाना होता आणि यान तिथे नऊ वर्षं मासे साफ करत होता. बर्मी माणसाला थायलंडात कामाचा परवाना मिळतो तो मालकाच्या नावावर. मालक नाही, तर परवाना नाही. मुदतवाढीचा आज शेवटचा दिवस होता. साडेचारला खिडकी बंद झाली की यानला सीमेपलीकडे परत जावं लागणार होतं. आणि तिकडे तेहतीस वर्षांच्या धडधाकट पुरुषाला लष्कर उचलून नेतं.

“अर्जात मालकीण फॉ. आणि या ओळखपत्रावर कुणी सिरिवरा,” अधिकारी म्हणाला.

“अहो, मीच ती! मागच्या महिन्यात नाव बदललं. दाखला आहे ना माझ्याकडे,” असं म्हणत मावशी पिशवी उपसायला लागली.

 ते नाव याननेच बदलायला लावलं होतं.

कामगारांच्या खोल्यांमध्ये यानला सगळे ‘सया’ म्हणत, म्हणजे गुरुजी. बर्मातल्या मावलम्याइंगचा त्याचा मामा खरोखरीचा ज्योतिषी होता. मामा शिकवायला बसला की भाचा झोपायचा. एवढ्या भांडवलावर यान लोकांचे हात बघायचा, जन्मवार विचारायचा आणि डोळे मिटायचा. डोळे मिटणं त्याला फार छान जमायचं. आपण निव्वळ थापा मारतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फक्त कुणी सया म्हणून हाक मारली की तेवढ्यापुरतं विसरायला व्हायचं.

दोन महिन्यांपूर्वी फॉमावशी मासे तोलताना सारखी उसासे टाकत होती. कुणी विचारलेलं नसताना यानने डोळे मिटले. “मंगळवारचा जन्म ना, मावशी? मंगळवारच्या बाईला हे नाव सोसत नाही. बदलून टाका.” एवढं बोलून तो पुढचा मासा साफ करायला लागला आणि विसरूनही गेला. मावशी खरंच देवळातल्या भिक्खूंकडून नवीन नाव काढून आणेल आणि कचेरीत जाऊन नोंदवेल, हे काही त्याला दिसलं नव्हतं. ज्योतिषाला दिसायला हवं होतं, पण ते असो.

दाखला सापडला. अधिकाऱ्याने तो दोनदा वाचला, अर्जाला टाचला आणि शिक्का उचलला. यानने श्वास सोडला.

“या वयात नाव बदलायचं कुठून सुचलं, मावशी?”

“याच्यामुळे!” मावशीने यानच्या पाठीवर कौतुकाने थाप मारली. “फार मोठा ज्योतिषी आहे हो हा. अख्खी वस्ती याच्याकडे येते. लग्न, नोकरी, हरवलेली सायकल, काय वाटेल ते सांगतो!”

शिक्का वरच्या वर थांबला.

“परवाना तर मासे साफ करण्याचा मागितलाय,” अधिकारी म्हणाला. “त्यात लिहिलेल्या कामाखेरीज दुसरं काही करता येत नाही, ठाऊक आहे ना? काय घेतोस भविष्याचे?”

“विडा,” यान पुटपुटला. “एकच. तोही बरेचदा बिनसुपारीचा.”

“हे बघ, मला सरळ उत्तर दे. तू ज्योतिषी आहेस की मासे साफ करणारा?”

यानने मागे पाहिलं. रांगेत निम्मी वस्ती उभी होती आणि आपला सया साहेबाला कसा गुंडाळतो, हे बघायला माना उंचावून तयार होती. शेजारी मावशी अभिमानाने पंखा हलवत होती. त्याला डोळे मिटून घ्यावेसे वाटले. या वेळी खरोखर.

“मासे, साहेब,” तो म्हणाला. “ज्योतिषातलं मला ओ का ठो कळत नाही. मामा शिकवायचा तेव्हा मी घोरायचो. मावशीच्या नावाचं मी आपलं ठोकून दिलं.”

“म्हणजे माझी सायकल?” रांगेतून एक बाई ओरडली. “पूर्वेला आहे म्हणालास, आठ दिवस वणवण हिंडले मी!”

“तेही ठोकून दिलं, काकी.”

सगळी रांग हसली. अधिकारीही हसला आणि त्याने शिक्का मारला. यानला दोन वर्षं मिळाली आणि सया तिथल्या तिथे मेला. मावशीचा पंखा मात्र थांबला होता.

बाहेर आल्यावर ती तरातरा पुढे चालत राहिली. यान मागून. परवाना हातात होता, पण त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटत होती. साठीच्या बाईने आपल्या थापेपायी ओळखपत्र बदललं, बँकेचं पुस्तक बदललं, कारखान्यावरची पाटीसुद्धा बदलायला टाकली.

“मावशी, चुकलो,” तो म्हणाला. “उद्या मी येतो तुमच्याबरोबर. जुनं नाव परत लावून घेऊ.”

ती गर्रकन वळली. “खबरदार! इतकी वर्षं थाई बोलतोस, फॉ म्हणजे काय ते कळत नाही तुला?”

कळत होतं. फॉ म्हणजे पुरे. भात वाढून घेताना तो रोज म्हणायचा. मालकिणीच्या नावात मात्र तो शब्द त्याला कधी ऐकूच आला नव्हता.

“सहा मुलींवर सातवी झाले मी. बापाने तेच नाव ठेवलं,” मावशी म्हणाली. “बदलावं म्हणून आजवर चार नामांकित ज्योतिष्यांचे उंबरे झिजवले. चौघंही म्हणाले, नाव उत्तम आहे, हात लावू नका. खोटं बोलणारा मेला तू एकटाच भेटलास.”