ठोकळ्याएवढी जागा

क्रेनच्या पट्ट्यांत होडी पाण्याबाहेर लटकली आणि तिच्या पोटावरून पाणी निथळू लागलं. क्रेनवाला वरूनच ओरडला, "घ्या मामा, आरसाच! यात बघून दाढी करावी माणसाने."

यार्डात होडीच्या मालकाला सगळे लख्खमामा म्हणत. शेवाळ-शिंपले बसू नयेत म्हणून लावायचा रंग ते दर वर्षी स्वतः लावत, आणि सुकाणूच्या बिजागरीत दात घासायच्या ब्रशने. ते हसत होडीखाली वाकले आणि वाकलेलेच राहिले.

कण्याजवळ एक चौकोन होता. वीतभर लांब, त्याहून थोडा कमी रुंद. बाकीचं पोट स्वच्छ, पण चौकोनात पिवळट, बुळबुळीत गोळे दाटीवाटीने चिकटलेले. मामांनी एक गोळा बोटाने दाबला. पाण्याची बारीक चिळकांडी त्यांच्या चष्म्यावर उडाली.

क्रेनवाला उतरून आला. "पिचकारी! तुमच्या लेकीच्या दोरांना लागलीय ती हीच ना?"

"हीच."

त्यांची लेक पलीकडच्या खाडीत दोर सोडून कालवं वाढवायची. या मोसमात निम्म्या दोरांवरची कालवं पिचकारीच्या थराखाली गुदमरून मेली. हे पाणी उडवणारे समुद्री जीव होड्यांच्या पोटाला चिकटून एका खाडीतून दुसऱ्या खाडीत जातात. म्हणून खाडीतल्या सगळ्यांनी दोष दिला तो तिच्या शेजाऱ्याच्या शिडाच्या होडीला, आणि सगळ्यात मोठ्या आवाजात लख्खमामांनी. त्या होडीला खाडीतून कायमचं घालवायचं ठरवण्यासाठी आज संध्याकाळी बैठक होती.

क्रेनवाल्याने खरवडायची पट्टी पुढे केली. "दोन मिनिटांचं काम. कोण बघतंय?"

मामांनी पट्टी घेतली नाही. बाहेर काढलेल्या होड्या ज्यांच्यावर बसवतात ते लाकडी ठोकळे कडेला रचले होते. त्यातला एक त्यांनी आणला आणि चौकोनाला लावला. कडेला कड जुळली.

"मागच्या वर्षी रंग लावला तेव्हा ही याच्यावर बसली होती. इथे माझा ब्रश गेलाच नाही."

"सगळ्यांचंच तसं असतं, मामा. होडी काय हवेत ठेवून रंगवायची?"

"रंग वाळला की ठोकळे सरकवायचे आणि राहिलेलं रंगवायचं. अर्धा दिवस जातो. मी नाही घालवला."

हात बरबटलेले होते, म्हणून त्यांनी फोन होडीखालच्या डब्यावर ठेवून स्पीकर लावला.

"बाबा, निघालात का?" लेकीचा आवाज आला. "आज चढ्या आवाजात बोला हं. तो शेजारी ऐकून घेत नाही."

"पिचकारी माझ्या होडीला आहे."

पलीकडे पाण्याची चुळुक ऐकू आली. "इकडून गेली असेल."

"मी होडी घेऊन तुझ्याकडे एकदाच आलो, तू दोर सोडलेस त्या आठवड्यात. तेव्हा तुझ्याकडे एकही गोळा नव्हता."

"पण शेजाऱ्याच्या होडीवरूनही आली असू शकते ना?"

"असू शकते. त्याच्या होडीखाली आपण शेवाळाचं जंगल बघितलं. हे गोळे नाही बघितले. माझ्याकडे ते डोळ्यांसमोर आहेत."

शेजारच्या होड्यांवर चाललेली घासघास एव्हाना थांबली होती.

"हे तुम्ही बैठकीत सांगणार? सगळ्यांसमोर?"

"आधी त्याच्या दारात जाऊन सांगणार, मग बैठकीत. बसने येतो. रात्री जेवायला थांबू की नको, ते तू ठरव."

पलीकडे दोर पाण्यात सोडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "थांबा. भांडायला तरी थांबा."

मामांनी चौकोनाशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढला आणि बंदराच्या कचेरीला पाठवला. दोन गोळे बरणीत घातले. मग खाली ताडपत्री अंथरून बाकीचे खरवडले. एक गोळा निसटून उतारावरून पाण्याकडे घरंगळला, तेव्हा साठीचे मामा त्याच्यामागे पोरासारखे धावले आणि पाण्याच्या दोन पावलं अलीकडे त्यांनी त्याच्यावर बूट ठेवला. तोही उचलून ताडपत्रीत आणला.

"आता टेकव," ते क्रेनवाल्याला म्हणाले, "पण ठोकळे हातभर पुढे घे. आणि परवा रंग वाळला की पुन्हा उचलायचीय. मी विसरलो तरी तू विसरू नकोस."

क्रेनवाल्याने खडूने ठोकळ्यांच्या नव्या जागा आखल्या. एरवी तो नजरेच्या अंदाजाने ठेवायचा, आज त्याने टेप लावून मोजलं.

मामा बरणी पिशवीत घालून बस थांब्याकडे निघाले. पाच-सहा मालक आपापल्या होडीखाली ओणवे होऊन ठोकळ्यांच्या कडेने बोट फिरवत होते.

"ए क्रेनवाल्या," एक जण होडीखालूनच ओरडला, "जरा ही उचल रे."